वार पिवळ्या पिशवीत जाते

डिस्चार्ज कार्डावर निदानाच्या रकान्यात चार इंग्रजी अक्षरं होती, आययूएफडी. म्हणजे बाळ गर्भाशयातच दगावलं. खाली कारणाची ओळ होती आणि तिथंही तीच चार अक्षरं. बाळ पोटात गेलं, कारण ते पोटात गेलं. कार्ड घेऊन आलेली बाई तेवीस-चोवीस वर्षांची असेल. बाळंतपणाला अडीच महिने झाले होते, ऊसतोडीवर जायचे दिवस जवळ आले होते. ती ओपीडीत न जाता थेट आमच्या पॅथॉलॉजीच्या खिडकीशी आली, कारण तपासणीचा रिपोर्ट इथं मिळतो असं कुणीतरी तिला सांगितलं होतं. रिपोर्ट नव्हता. तपासणीच झाली नव्हती.

"मॅडम, खरं सांगा," ती म्हणाली. "गिराणात मी भाजी चिरली हुती. सासू म्हणती त्यानंच झालं."

ग्रहणानं असं काही होत नाही, एवढं मी सांगितलं. मग कशानं झालं, हे तिनं विचारलं नाही. नुसती उभी राहिली. सांगायला माझ्याकडे काही नव्हतं. ते जिथं सापडलं असतं ती वस्तू, म्हणजे तिची वार (बाळाला नाळेनं जोडलेली प्लॅसेंटा), प्रसूतीनंतर दहा-पंधरा मिनिटांत लेबर रूममधल्या पिवळ्या पिशवीत गेली होती आणि दुसऱ्या दिवशी जैववैद्यकीय कचऱ्याच्या गाडीतून भट्टीत.

याच खात्यात मी वीसेक वर्षं काम करते आहे. त्या वीस वर्षांत पोटात दगावलेली बाळं माझ्या टेबलावर आली नाहीत असं नाही. आली, पण बहुतेक पोलिसांच्या पत्रासोबत आली. उकिरड्यावर सापडलेलं, विहिरीत तरंगणारं, एसटी स्टँडच्या शौचालयात ठेवलेलं. पंचनामा, सील, लेबल, सगळं व्यवस्थित. दवाखान्याच्या पलंगावर, सलाईन लावलेली असताना, डॉक्टर आणि सिस्टरच्या समोर ज्यांचे ठोके बंद पडले त्यांची तपासणी करायला मला क्वचितच कुणी सांगितलं. पोटात गेलेल्या बाळाची तपासणी आपण करतो ती कुणाला तरी बेडी घालायची असेल तेव्हा. जिला नुसतं कारण हवं आहे त्या आईच्या वाट्याला ती येत नाही. हे उलटं आहे. आणि ते सुलटं करायला फार पैसा लागत नाही, म्हणूनच ते आजवर न केल्याचा मला राग येतो.

संख्या किती मोठी आहे ते आधी बघू. संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी २०२० मध्ये काढलेल्या अहवालात जगभरात दरवर्षी सुमारे २० लाख बाळं मृत जन्मतात, दर १६ सेकंदांना एक, असा हिशेब आहे. २०१९ साली त्यातली अंदाजे ३ लाख ४० हजार भारतातली होती, कुठल्याही देशापेक्षा जास्त. जगभरच्या या बाळांतली ४० टक्क्यांहून अधिक प्रत्यक्ष कळा सुरू झाल्यानंतर जातात, म्हणजे आई दवाखान्याच्या दारात किंवा आत असते तेव्हा. २०१४ साली केंद्र सरकारनं नवजात बालकांसाठी कृती आराखडा आणला. २०३० पर्यंत उपजत मृत्यूचं, म्हणजे मृत जन्मणाऱ्या बाळांचं, प्रमाण हजारी दहाच्या खाली आणायचं, हे त्यातलं एक उद्दिष्ट. पण ज्याचं कारण लिहिलंच जात नाही ते प्रमाण कमी कसं करणार?

कायद्याचीही इथं एक विचित्र जागा आहे. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात मृत्यू म्हणजे जिवंत जन्म झाल्यानंतरचा मृत्यू. जे बाळ पोटातच गेलं ते कायद्याच्या भाषेत मेलेलं नाही. त्याच्यासाठी उपजत मृत्यूचं वेगळं रजिस्टर असतं, तेही गर्भ २८ आठवड्यांचा झाला असेल तरच. २७ आठवड्यांचं बाळ, ज्याला बोटं आहेत, नखं आहेत, डोक्यावर जावळ आहे, ते कुठल्याच वहीत चढत नाही. फॉर्ममध्ये कारणाचा रकाना आहे, पण तो भरण्यापुरतं काही तपासा असं कुणी सांगितलेलं नाही. माता मृत्यूचं तसं नाही. बाई बाळंतपणात गेली तर तिच्या मृत्यूचं परीक्षण होतं, कागद जिल्ह्याला जातात, बैठक बसते. ती पद्धत हळूहळू रुजली आणि तिचा उपयोग झाला. बाळाच्या बाबतीत २०१६ मध्ये काही निवडक रुग्णालयांत उपजत मृत्यूंवर देखरेख ठेवायच्या मार्गदर्शक सूचना केंद्रानं काढल्या, पण तालुक्याच्या लेबर रूममध्ये त्याचा मागमूस मला तरी दिसला नाही.

तपासणी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे सुरी येते. सुरीच्या आधी करण्यासारखं पुष्कळ आहे, आणि त्यातलं पहिलं म्हणजे नुसतं नीट पाहणं. पोटात दगावलेल्या बाळाची त्वचा सहा-आठ तासांनंतर सुटायला लागते. बोट लावलं तर साल निघावी तसा पापुद्रा निघतो, खालचा भाग लालसर, ओला. नाळेचा पांढरा रंग जाऊन ती तांबूस-तपकिरी होते. पुढे काही दिवस गेले की कवटीची हाडं एकमेकांवर चढतात आणि एक्स-रेत ते दिसतं. आम्ही याला मॅसरेशन म्हणतो. असं बाळ श्वास घ्यायला बाहेर आलंच नव्हतं, हे खात्रीनं सांगता येतं. उलट कातडी अखंड, रंग नेहमीसारखा असेल तर बाळ अगदी शेवटच्या तासांत, बहुधा कळांच्या वेळी गेलं. ही दोन बाळं दोन वेगळ्या गोष्टी सांगतात. कातडी सुटलेलं बाळ विचारतं की गरोदरपणात रक्तदाब कुणी मोजला, साखर कुणी तपासली, हालचाल कमी झाली तेव्हा आशाताईला कुणी सांगितलं. अखंड कातडीचं बाळ लेबर रूमकडे बोट दाखवतं, की ठोके दर किती वेळानं ऐकले, सिझरचा निर्णय कधी झाला, भूलतज्ज्ञ कुठं होता. एवढं पाहायला एक पैसा लागत नाही. तरीही डिस्चार्ज कार्डावर हा फरक लिहिलेला मी शंभरात पाच वेळाही पाहिला नसेल.

आणि मग वार. नऊ महिने बाळाचं फुप्फुस, मूत्रपिंड आणि यकृत यांचं काम एकटी वार करते. बाळावर आलेलं बहुतेक संकट आधी तिच्यावर उमटतं. आईचा रक्तदाब वाढलेला असेल तर वारेत पांढरट, कडक, मेलेले तुकडे दिसतात आणि ती लहान, हलकी राहते. मधुमेह असेल तर फुगलेली, फिकट, जड. जंतुसंसर्ग असेल तर पाणमोटेचे पापुद्रे गढूळ होतात, त्यांना वास येतो. बाळानं पोटात शी केली असेल तर हिरवट झाक. नाळेला खरी गाठ बसलेली असेल तर ती डोळ्यांनी दिसते. वार आधीच सुटली असेल तर आईकडच्या बाजूवर काळी-जांभळी गुठळी चिकटलेली असते, आणि ती उचलली की खाली खळगा असतो, ओल्या मातीवर दगड पडून राहावा तसा. हे सगळं पाहायला मला पंधरा मिनिटं लागतात, एक वजनकाटा, एक फूटपट्टी आणि सुरी लागते. नंतर सूक्ष्मदर्शकाखाली चार-पाच तुकडे. एवढ्यावर प्रत्येक वेळी उत्तर मिळेल असं नाही. पण "कारण अज्ञात" लिहिण्याचे प्रसंग यानं नक्की कमी होतात.

कर्नाटकात दावणगेरे आणि पाकिस्तानात कराची इथं काही वर्षांपूर्वी एकाच पद्धतीचा अभ्यास झाला. मृत जन्मलेल्या आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांचं पूर्ण शवविच्छेदन न करता जाड सुईनं फुप्फुस, मेंदू, यकृताचे बारीक नमुने घ्यायचे आणि सोबत वार तपासायची. उपजत मृत्यूचं सर्वात मोठं कारण निघालं ते गर्भाला प्राणवायू कमी पडणं. म्हणजे पुष्कळदा वारेचा दोष, रक्तदाब, वार आधी सुटणं. यातल्या बऱ्याच गोष्टी वेळेत लक्षात आल्या तर हाताळता येतात. आपल्या भागात हे होणार नाही, लोक हात लावू देणार नाहीत, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी दावणगेरे सोलापूरपासून एका दिवसाच्या प्रवासावर आहे. आईवडिलांना नीट समजावलं तर पुष्कळजण हो म्हणतात, हे तिथंही दिसलं.

आता कायद्याच्या बाजूचं टेबल. तिथं प्रश्नच दुसरा असतो. "कशानं गेलं?" हे कुणी विचारत नाही, "हिनं मारलं का?" हे विचारतात.

भारतीय दंड संहितेचं कलम ३१८ आता भारतीय न्याय संहितेत कलम ९४ झालं आहे. मूल जन्माआधी, जन्मताना वा जन्मानंतर मेलेलं असो, त्याचा देह गुपचूप पुरून किंवा टाकून जन्म लपवला तर दोन वर्षांपर्यंत कैद. नीट वाचा, जन्माआधी मेलेलं असलं तरीही. म्हणजे एखाद्या मुलीचं बाळ पोटातच गेलं, कुणाला सांगायची सोय नव्हती, रात्री एकटीच बाळंत झाली आणि घाबरून तिनं ते बांधावर पुरलं, तर तीही गुन्हेगार. अशा मुली मी पाहिल्या आहेत. पोलीस शिपाई बाहेर बाकावर बसलेली, मुलगी आत तपासणीला आलेली, अंगात ताप, दूध दाटून छाती दगड झालेली. तिला बाळंतपणानंतरची गोळी द्यावी हे कुणाच्या डोक्यात आलेलं नसतं. लग्न न झालेली, नवऱ्यानं टाकलेली, विधवा. कलम ९४ च्या कागदांवर हीच नावं पुन्हा पुन्हा येतात. बंगल्यातल्या बाईचं नाव मी त्यात अजून वाचलेलं नाही.

हा वारसा जुना आहे. १८८१ मध्ये मुंबई इलाख्यातल्या सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या ब्राह्मण विधवेला अर्भक मारल्याबद्दल फाशी सुनावली गेली, पुढे ती शिक्षा सौम्य झाली. तिच्यावर तुटून पडलेल्यांच्या संतापाला उत्तर म्हणून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये लेखणी उचलली आणि त्या बाईला त्या अवस्थेत नेणारा पुरुष कुठं आहे, असा सवाल समाजाला केला. त्याच्याही आधी, १८६३ मध्ये, जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं होतं. बाई तिथं येऊन नाव न सांगता बाळंत होऊ शके. फुल्यांना कळलं होतं की बाईला बाळंतपणासाठी सुरक्षित खोली दिली तर उकिरड्यावर देह सापडत नाहीत. दीडशेहून अधिक वर्षांनी आपण पंचनामा जास्त नीट करतो आहोत, खोली अजून देत नाही.

या खटल्यांत फॉरेन्सिकचं म्हणून जे शास्त्र पुढे येतं त्यातली सर्वात जुनी चाचणी म्हणजे फुप्फुस पाण्यात टाकणं. तरंगलं तर बाळानं श्वास घेतला होता, म्हणजे जिवंत जन्मलं. बुडालं तर मृत जन्मलं. १६८१ मध्ये जर्मनीतल्या त्साइट्स गावी योहानेस श्रायर नावाच्या डॉक्टरनं ही चाचणी एका पंधरा वर्षांच्या शेतकरी मुलीच्या बचावासाठी केली. फुप्फुस बुडालं, मुलीवरचा खुनाचा आरोप ढिला पडला. एका मुलीला वाचवण्यासाठी जन्मलेली ही चाचणी पुढे मुलींना अडकवायला वापरली गेली, आणि तिच्या उणिवाही तेव्हापासून माहीत आहेत. देह कुजायला लागला की ऊतींत वायू होतो आणि न श्वसलेलं फुप्फुसही तरंगतं. तोंडानं श्वास देऊन बाळाला जगवायचा प्रयत्न केला असेल तरी तरंगतं. उलट कमी दिवसांचं, अशक्त बाळ काही मिनिटं जगलं तरी त्याचं फुप्फुस बुडू शकतं. लंडनच्या विल्यम हंटरनं १७८३ मध्येच सावध केलं होतं की अशा खुणांवरून अविवाहित आईला खुनी ठरवू नका. आपल्या पाठ्यपुस्तकांतही या मर्यादा छापलेल्या आहेत, परीक्षेत त्यावर प्रश्न येतो. पण अहवालात शेवटची ओळ लिहिताना "फुप्फुस तरंगले, सबब जिवंत जन्म" असं खाडकन उतरतं. आणि कोर्ट पाठ्यपुस्तक वाचत नाही, अहवाल वाचतं.

हे आपल्याकडेच घडतं असं नाही. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात भारतीय वंशाच्या एका तरुणीला २०१५ मध्ये २० वर्षांची शिक्षा झाली. तिचं म्हणणं होतं, बाळ मृत जन्मलं. सरकारी बाजूनं फुप्फुसाची हीच चाचणी पुढे केली. २०१६ मध्ये अपील कोर्टानं भ्रूणहत्येचा ठपका रद्द केला आणि ती सुटली. आपल्या सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२३ मध्ये छत्तीसगडच्या एका एकट्या राहणाऱ्या बाईची जन्मठेप रद्द केली. गावातल्या डबक्यात अर्भक सापडलं होतं, ते तिचंच असल्याचा धड पुरावा नव्हता. ती गरोदर होती आणि एकटी राहत होती, एवढं पुरे झालं होतं. न्यायमूर्ती अभय ओक आणि न्यायमूर्ती संजय करोल यांच्या खंडपीठानं, अशा रीतीनं दोष लावणं म्हणजे बाईबद्दलचे ठरीव समज घट्ट करणं आहे, असं बजावलं. खालची दोन्ही कोर्टं तिला दोषी धरून बसली होती, तोवर तिची कितीतरी वर्षं गेली.

मी फॉरेन्सिकच्या विरोधात नाही, हे इथं ठासून सांगते. बाईच्या बाजूनं उभं राहू शकेल असा साक्षीदार अनेकदा तेच असतं, आणि नेमकं तिथं आपण ते वापरत नाही.

नवऱ्यानं पोटात लाथ मारली, सासरच्यांनी जिन्यावरून ढकललं, अशा बाईची वार काही तासांत किंवा एखाद-दोन दिवसांत सुटू शकते. बाळ जातं. दवाखान्यात ती "पडले" असं सांगते, कारण शेजारी सासू उभी असते. कायद्यात यासाठी कलम आहे, जुनं ३१६, आता न्याय संहितेचं ९२, दहा वर्षांपर्यंत शिक्षा. पण पुरावा काय? वारेवरची ती काळी गुठळी आणि तिच्याखालचा खळगा. वाढलेल्या रक्तदाबानंही वार सुटते, त्यामुळे केवळ गुठळीवरून लाथ सिद्ध होत नाही. रक्तदाबाच्या नोंदी, पोटावरचे वळ, घटनेची वेळ, सगळं जुळवून पाहावं लागतं. मात्र वार ठेवलेलीच नसेल तर जुळवायला काही उरत नाही. सहा महिन्यांनी बाई माहेरी जाऊन धीर एकवटते, फिर्याद देते, तेव्हा वकील आम्हाला पत्र लिहितात. आम्ही उत्तर देतो, नमुना उपलब्ध नाही. हे उत्तर मी स्वतःच्या सहीनं दिलेलं आहे, एकदा नाही, अनेकदा.

अल्पवयीन मुलीवर अत्याचार होऊन गर्भ राहिला असेल तर गर्भपातानंतरच्या ऊतींचं डीएनए हा सर्वात पक्का पुरावा. मुंबई उच्च न्यायालय अशा गर्भपाताला परवानगी देताना नमुना जपून ठेवा असा आदेश अनेकदा देतं. आणि लेबर रूममध्ये काय होतं? वर्षानुवर्षांच्या सवयीनं सिस्टर तो नमुना फॉर्मेलिनच्या बरणीत टाकते, कारण पॅथॉलॉजीला सगळं फॉर्मेलिनमध्येच जातं. सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी फॉर्मेलिन हवंच, पण त्यानं डीएनए तुटतं. डीएनएसाठी तुकडा साध्या सलाईनमध्ये, बर्फावर, लवकर पाठवायला हवा. दोन बाटल्या, दोन लेबलं, एवढंच. यासाठी भिंतीवर एक कागद चिकटवला तरी पुरेल, आणि तो कागद न चिकटवल्यामुळे किती आरोपी सुटले असतील याचा विचार मला झोपू देत नाही.

सांगली जिल्ह्यात म्हैसाळ इथं मार्च २०१७ मध्ये ओढ्याकाठी पुरलेले १९ गर्भ सापडले. एका बाईचा गर्भपात करताना मृत्यू झाला म्हणून तपास सुरू झाला होता, तोवर कुणाला पत्ता नव्हता. वर्धा जिल्ह्यात आर्वीला जानेवारी २०२२ मध्ये एका खासगी दवाखान्याच्या गोबरगॅसच्या खड्ड्यातून ११ कवट्या आणि ५४ हाडं निघाली, तीही तेरा वर्षांच्या मुलीच्या गर्भपाताची तक्रार झाल्यावर. अशा वेळी फॉरेन्सिकला पर्याय नाही. हाडांच्या लांबीवरून, कुठली हाडं टणक व्हायला लागली आहेत यावरून गर्भ किती महिन्यांचा ते सांगता येतं. मुलगा की मुलगी हे इतक्या कोवळ्या हाडांकडे नुसतं पाहून कळत नाही, त्यासाठी डीएनए लागतं. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे ८९४ मुली होत्या, बीड जिल्ह्यात ८०७. ते आकडे ज्यांनी घडवले त्यांच्यापर्यंत पोचायचं तर हे काम काटेकोर व्हायलाच हवं. या दोन्ही ठिकाणी शोध दवाखान्याच्या दिशेनं गेला, आणि तो तसाच जायला हवा होता. बांधावरच्या एकट्या मुलीला आणि ओढ्याकाठी पिशव्या पुरणाऱ्याला एकाच फुटपट्टीनं मोजणं हा माझा आक्षेप आहे.

माझी मागणी सरळ आहे. २८ आठवड्यांच्या पुढच्या, जमल्यास २० आठवड्यांच्या पुढच्या, प्रत्येक उपजत मृत्यूत वार पॅथॉलॉजीला जावी, सरकारी दवाखान्यात मोफत. बाळाचं वजन, लांबी, कातडीची अवस्था, दोन फोटो आणि आईची मोजकी रक्ततपासणी, म्हणजे साखर, गुप्तरोगाची चाचणी, रक्तगट, थायरॉइड. सुईनं नमुने किंवा शवविच्छेदन हे फक्त आईवडिलांच्या संमतीनं, आणि ती संमती सासऱ्याची नव्हे, बाईची. सहा आठवड्यांनी तिला बोलावून तिच्या भाषेत रिपोर्ट समजावून सांगायचा. आणि या तपासणीचे कागद पोलिसांपासून पूर्ण वेगळे. माता मृत्यूचं परीक्षण जसं कुणाला दोषी ठरवण्यासाठी नसतं तसंच. गर्भपाताच्या कायद्यातल्या २०२१ च्या दुरुस्तीनं गर्भपात करून घेणाऱ्या बाईचं नाव फोडणं गुन्हा ठरवलं आहे, तीच भिंत इथंही हवी. गुन्ह्याचा संशय असेल तिथं पोलिसांनी त्यांच्या वाटेनं, त्यांच्या पत्रानं यावं.

यावर डॉक्टर मित्र म्हणतात, तू आमच्या गळ्यात फास अडकवते आहेस. बाळ गेलं की नातेवाईक आधीच काचा फोडतात, त्यात "लेबर रूममध्ये गेलं" असा रिपोर्ट हातात दिला तर? ही भीती खोटी नाही. दवाखान्यावरचे हल्ले रोखायला महाराष्ट्रात २०१० मध्ये वेगळा कायदा करावा लागला, एवढी ती खरी आहे. पण मी ज्या नातेवाइकांशी बोलले त्यांचा संताप रिपोर्टमुळे भडकला नव्हता, रिपोर्ट नसल्यामुळे भडकला होता. कुणीच काही सांगत नाही तेव्हा माणूस सर्वात वाईट तेच धरून चालतो. इंग्लंडमध्ये श्रूसबरी भागातल्या रुग्णालयांची चौकशी आईबापांनी वर्षानुवर्षं लावून धरली. मार्च २०२२ च्या अहवालात निघालं की नीट काळजी घेतली असती तर २०१ बाळं वाचली असती किंवा वाचण्याची शक्यता होती, त्यातली १३१ मृत जन्मलेली. प्रत्येक मृत्यू त्या त्या वेळी प्रामाणिकपणे तपासला असता तर त्या यादीतल्या कितीतरी आया तिच्यात आल्याच नसत्या.

दुसरा आक्षेप पॅथॉलॉजिस्ट कुठून आणायचे हा. जिल्ह्याच्या ठिकाणी आहेत. तालुक्यातून बरणी यायला वाहन आहे, कारण थुंकीचे आणि रक्ताचे नमुने रोज येतातच. तिसरा आक्षेप मला सर्वात जड वाटतो, घरचे लोक. लहान लेकराला जाळत नाहीत, पुरतात, आणि अंधार पडायच्या आत उरकायची घाई असते. आईला तोंडही दाखवत नाहीत, माया लागेल म्हणतात. माया आधीच लागलेली असते, आठ महिने ती त्या बाळाशी बोललेली असते. देहाला हात लावू नका म्हणणाऱ्यांचा मी मान राखते. वारेला मात्र सहसा कुणी नाही म्हणत नाही. काही घरांत ती अंगणात पुरायची रीत आहे, तिथं चार तुकडे घेऊन बाकीची परत देता येते.

केंद्र सरकारनं सप्टेंबर २०२२ मध्ये आपल्या महिला कर्मचाऱ्यांना अशा प्रसंगी ६० दिवसांची विशेष रजा दिली. म्हणजे हे दुःख खरं आहे एवढं तरी कागदावर मान्य झालं. ऊसतोडीच्या बाईला रजा कोण देणार?

ती बाई, गिराणवाली, पुन्हा आली. दीड वर्षांनी, आठव्या महिन्यात. यावेळच्या डॉक्टरांनी पहिलं कशानं गेलं म्हणून विचारलं होतं आणि तिनं तेच जुनं कार्ड पुढे केलं होतं. रक्तदाब वाढत चालला होता, तो यावेळी धरला गेला. मी लेबर रूममध्ये जाऊन सांगून आले की हिची वार माझ्याकडे पाठवा, बाळ कसंही होवो. बाळ रडलं, पावणेदोन किलोचं. वार स्टीलच्या ट्रेमध्ये आली, लहान, आणि एका कडेला तीन पांढरट कडक चकत्या. तिला बसतं करून मी त्या दाखवल्या आणि सांगितलं, रक्तदाबानं असं होतं, रक्त पोचत नाही, बाळ वाढत नाही. पहिल्या वेळीही हेच झालं असेल असं मला वाटतं, पण ती वार मी पाहिलेली नाही, त्यामुळे शपथेवर सांगू शकत नाही.

तिनं ट्रेकडे बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, "हे सासूला दाखवता का?"

सासू दाराशीच उभी होती. मी तिला आत बोलावलं.